घर क्रमांक एक : निरंक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पहाटे ३.४०

उठलो. अलार्म नाही, कुणी हाक मारली नाही, आपोआप. मे अखेरीस रिटायर झालो तेव्हापासून ही शिस्त अंगी लागली आहे. बेबीनंदाच्या मते याला उठणं म्हणत नाहीत, झोप न येणं म्हणतात. तेहतीस वर्षं संसार करून बायकोला शिस्त कळू नये, कमाल आहे.

आज भोकरदनला ट्रेनिंग. डायरीही आजपासून नियमित. मोठं काम हाती घेणाऱ्याने नोंद ठेवावी.

त्याच दिवशी, सायं. ७

ट्रेनिंग उत्तम. विषय: मनाचे आजार ओळखणे आणि आत्महत्या टाळणे. प्रत्येक गावातून एक सुशिक्षित, वजनदार माणूस बोलावला होता. केदारखेड्यातून अर्थात मी. गावच्या आशा कार्यकर्त्या उषाबाईंनी नाव दिलं. चौतीस वर्षं जिल्हा परिषद शाळा, त्यातली अकरा हेडमास्तर. दुसरं नाव सुचायचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टर मॅडम चांगलं बोलल्या. हा आजार लेकरांना होतो, बाळंतिणीला होतो, म्हाताऱ्यांना होतो, आणि उपचाराने बरा होतो. मरावंसं वाटतं का हे सरळ विचारावं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग नऊ प्रश्नांचा फॉर्म दिला. मागच्या दोन आठवड्यांत मन लागलं का, झोप, भूक, थकवा असं करत करत नववा प्रश्न मरणाचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा वर गेला की डॉक्टरकडे. आणि नवव्याला शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी कळवायचं, बाकी बेरीज कितीही असो.

जेवणात पुरीभाजी होती. मी खाल्ली नाही, तेल फार होतं. बाकीच्या गावांना ते तेल चाललेलं दिसलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नियोजन. आमच्या भागातली चाळीस घरं दोन दिवसांत. उषाबाई म्हणाल्या, एकेकाला बाजूला घेऊन विचारा गुरुजी, महिना लागला तरी चालंल. मी मनातल्या मनात हसलो. जनगणना, मतदार यादी, शौचालयं, शाळाबाह्य मुलं, एकदा तर गुरंढोरंसुद्धा, सगळे सर्व्हे या हातांनी केलेत. पद्धत एकच. ओट्यावर बसायचं, कुटुंबप्रमुखाला बोलवायचं, तो सांगेल ते सगळ्यांच्या नावापुढे भरायचं. एक घर, एक चहा. गाय दूध किती देते हे कुणी गाईला विचारत नाही.

घर क्रमांक एक, आमचंच. कुटुंबप्रमुख मी, माहिती देणारा मी, भरणारा मी. माझे गुण: निरंक. बेबीनंदाला चौदा दिले. हल्ली स्वयंपाकघरात डोळे पुसते, माझ्याकडे बघून उसासे टाकते, माझं ताट तसंच परत गेलं की भांडी आदळते. लक्षणं स्पष्ट आहेत. तिला विचारायची गरज पडली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व्हे पूर्ण. चाळीस घरं, एकशे शहात्तर माणसं. तालुक्यात एवढ्या जल्दी कुणी केला नसेल.

पुतण्या सूरजकडे गेलो. त्याची बायको दीपमाला बाळंत होऊन दोन महिने झाले. सूरज म्हणाला, तिला काय व्हायचं काका, मांडीवर लेकरू आहे, आई दिवसभर हाताखाली राबून राह्यली. बरोबर आहे. शून्य. दीपमाला दाराआड उभी होती. माझीच विद्यार्थिनी, सातवीला पहिल्या बाकावर बसायची. लांबून दिसलो तरी जय भीम गुरुजी म्हणणारी पोरगी, आज काही बोलली नाही. बाळ रडत होतं, तिने वळूनही बघितलं नाही. झोप झाली नसेल.

पुढचं घर अप्पारावचं. त्याची आई चांगुणाबाई, पंच्याहत्तर. माय दिवसभर भिताडाकडं तोंड करून पडलेली असती, वय झालं आता, असं तो म्हणाला. रकान्यात "वय" लिहिलं. शून्य.

गंभीर फक्त दोन निघाले. एक बेबीनंदा. दुसरा तातेराव, माझा लंगोटीयार. तीन-चार महिन्यांपासून रोज संध्याकाळी येतो, शेजारी तासभर बसतो, बोलत काही नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. मका चांगली झाली, पोरगं नोकरीला लागलं, तरी ही अवस्था. त्याला सतरा दिले. एवढ्या चांगल्या माणसाचं असं व्हावं याचं वाईट वाटतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

तातेरावला ट्रेनिंगप्रमाणे सरळ विचारलं. आडवळण नाही. म्हटलं, तातेराव, मरावंसं वाटतं का?

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला न्हाई वाटत गुरुजी. तुमाला वाटतं का?"

मी त्याला समजावलं की सर्व्हे मी करतोय, प्रश्न मी विचारायचे. तो म्हणाला, ते बराबर आहे, पण वाटतं का? प्रश्न टाळून दुसऱ्यावर ढकलणं हेसुद्धा लक्षणच असावं. पुस्तिकेत सापडलं नाही, पण असावं. सतराचे एकोणीस केले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी विहारातल्या पोरांना देऊन टाकली. पंचवीस वर्षं भीमगीतांना वाजवली, आता भाता खराब झालाय. (भाता चांगला आहे. पण बोटं चालत नाहीत. म्हणजे चालतात, पण उगाच कशाला.) पुस्तकंही दिली, दोन पोती. शाळेने निरोपसमारंभात दिलेलं घड्याळ तातेरावच्या हातात बांधलं. त्याला बळंच घ्यावं लागलं. घर कसं मोकळं मोकळं वाटतंय. माणसाने आवरून ठेवलेलं बरं.

सुमेधाचा तीर्थपुरीहून फोन आला होता, तीनदा. उचलला नाही. रेंज नसते. मुलगी शिक्षिका आहे, तिला हे कळायला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पुस्तिका पुन्हा वाचली. पान सात: "जवळच्या वस्तू वाटून टाकणे" हे धोक्याचं लक्षण. बरं झालं वाचलं. तातेराव आजच पिशवीभर तुरीच्या शेंगा देऊन गेला. नोंद केली.

दुपारी बेबीनंदाला सगळी कागदपत्रं समजावली. फॅमिली पेन्शनचा फॉर्म कुठे, नॉमिनीचं काय, कुणाच्या सह्या लागतात, कोणत्या साहेबाला भेटायचं. एका फाईलमध्ये लावून वर नंबर घातले. अर्ध्यातून ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. कागदपत्रांचा बायकांना कंटाळा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. शाळेने उद्देशिका वाचायला बोलावलं होतं. नवा हेडमास्तर स्वतः आला होता बोलवायला. गेलो नाही. नव्या लोकांना संधी द्यावी. दाढी पाच दिवसांची झाली, ठेवायचा विचार आहे. अंघोळीचं पाणी बेबीनंदाने तीनदा तापवलं. थंडी आहे.

२ डिसेंबर, मंगळवार. दु. ४

पुस्तिकेत १४४१६ नंबर दिलाय, मनाच्या त्रासासाठी, फुकट, केव्हाही. गावाला सांगण्याआधी आपण तपासून घ्यावा म्हणून लावला. एका मुलीने उचलला. मी सांगितलं की एका मित्रासाठी विचारतोय, अठ्ठावन्न वय, रिटायर शिक्षक. तिने मित्राला झोप कशी लागते विचारलं. सांगितलं. जेवण? सांगितलं. मित्राला सकाळी उठून काय करावंसं वाटतं? म्हटलं, काही नाही वाटत. परिपाठाची वेळ झाली की तो अंगणात उभा राहतो आणि शाळेतला आवाज ऐकतो. त्याच्यावाचून प्रार्थना होते, घंटा होते, सगळं होतं.

चाळीस मिनिटं गेली. बिचारीला बोलायला कुणी नसावं, मी वेळ दिला. शेवटी म्हणाली, सर, तुमच्या मित्राला एकटं ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि मी उद्या पुन्हा फोन केला तर चालेल का? म्हटलं, मित्र बिझी असतो.

फोन चांगला चालतो. तपासणी समाधानकारक.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. गर्दी असते. पांढरा शर्ट घालून बघितला होता, खांद्यावरून उतरतो. टेलरने ढगळ शिवला. (तीन वर्षांपूर्वी शिवला. तेव्हा लक्षात आलं नाही.) बेबीनंदा मेणबत्त्या घेऊन एकटीच गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तीन वेळा मागे वळून बघत गेली आणि तातेरावला ओट्यावर बसवून गेली. दिवसभर आभाळ होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

उषाबाई आल्या. माझ्या सर्व्हेचा गठ्ठा काखेत. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, गुरुजी, रागावू नका, मी हे सगळं परत विचारलं. पंधरा दिवस लागले. एकेका बाईला, म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन, घरचे नसताना.

चांगुणाबाई शून्य नव्हत्या, तेरा निघाल्या. त्यांचं भिंतीकडे तोंड करून पडणं वयामुळे नव्हतं. आणि दीपमाला एकोणीस. सासू दळायला गेली होती तेव्हा विचारलं, तर म्हणाली, लेकराकडं बघून काईच वाटत न्हाई, मी नसले तर कुनीबी सांभाळील त्याला. त्याच दिवशी उषाबाईंनी सूरजला पुढे घालून तिला भोकरदनच्या दवाखान्यात नेलं. दोन आठवडे झाले, औषध चालू आहे, थोडं झोपते आता.

माझ्या फॉर्मवर तिच्या नावापुढे शून्य आहे. माझ्याच अक्षरात, वळणदार. ती चार हातांवर दाराआड उभी होती आणि मी तिच्या नवऱ्याला विचारून चहा पिऊन उठलो. फार लाज वाटली. तिला काही झालं असतं तर मी तो कागद बघू शकलो नसतो. हे डायरीत राहू दे.

उषाबाई उठेनात. मग त्यांनी आणखी एक फॉर्म काढला. घर क्रमांक एक. माझं नाव, पुढे वीस गुण. माहिती देणारी: बेबीनंदा.

मी विचारलं, मला न विचारता माझे गुण हिने कसे दिले? बेबीनंदा दारातच होती. म्हणाली, "तुमीच तं म्हनले, घरातलं एक मानूस सांगंल ते चालतं."

एवढ्यावर थांबलं नाही. ट्रेनिंगला माझं नाव उषाबाईंना सुचलं नव्हतं. बेबीनंदा ऑक्टोबरात त्यांच्याकडे जाऊन बसली होती, की हे माझं ऐकत न्हाईत, दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात, कुठंतरी बसून यांच्या कानावर तरी पडू द्या. वजनदार माणूस वगैरे काही नव्हतं. मला पेशंट म्हणून पाठवलं होतं, आणि मी नोट्स काढून आलो.

१० डिसेंबर, बुधवार

वीस गुणांविरुद्ध लेखी खुलासा तयार करत आहे. मुद्देसूद.

प्रश्न १, मन लागत नाही: पेटी वाजवत नाही, कारण पेटी घरात नाही.
प्रश्न २, उदास वाटणे: हा माणसाचा स्वभाव असतो. (माझा नव्हता. पण बदलतो.)
प्रश्न ३, झोप: शिस्त. वर लिहिलेलं आहे.
प्रश्न ४, थकवा: चौतीस वर्षं खडू धरला.
प्रश्न ५, भूक: तेल.
प्रश्न ६, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणे: शाळा माझ्याशिवाय भरते, हे वाटणं नाही, वस्तुस्थिती आहे.
प्रश्न ७, लक्ष लागत नाही: वरचा प्रश्न चार वेळा वाचावा लागला, पण छपाई बारीक आहे.
प्रश्न ८, हालचाल मंद होणे: घाई कशाची आहे?
प्रश्न ९:

चहा निवला. परत तापवायला सांगणार होतो, राहिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

खुलासा अपूर्ण. आज लिहिलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

दीपमाला आली, लेकरू कडेवर. सूरज मागे पिशवी घेऊन. जय भीम म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिची माफी मागितली. हेडमास्तरने विद्यार्थ्याची माफी मागायची प्रथा नाही, पण मागितली.

ती म्हणाली, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतं तरी मी न्हाईच म्हनले असते, गुरुजी माणसाला असलं कसं सांगावं. मग लेकराचं टोपडं सारखं केलं. "उषाताईंनी विचारलं तवा मी लई रडले. पर त्याच्यानंतर हलकं वाटलं. अजून पुरतं बरं न्हाई. पर काल ह्यो हसला तवा मला कळलं की हसला. तुमी दवाखान्यात जा गुरुजी."

लेकराने माझं बोट धरून ठेवलं होतं. मी सांगितलं की विचार करतो. तिने विचारलं, कधीपर्यंत? हा प्रश्न मी तिला गृहपाठाबद्दल विचारायचो, त्याच आवाजात. मंगळवार म्हणालो. आता म्हटलंय तर जावं लागणार. उषाबाईंना सांगून टाकलं. त्या मंगळवारपर्यंत थांबायला तयार नव्हत्या, पण मग तातेरावला तिन्ही रात्री ओट्यावरच झोपायला सांगितलं आणि सुमेधाला बोलावून घेतलं. मला कुणी विचारलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सुमेधा आली आहे. माझ्यासमोर बसून फोन लावून बघितला. रेंज चांगली आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार. सायं. ६

सकाळी दाढी केली. तीनदा कापलं. तातेरावने मोटारसायकल काढली होती, पण बेबीनंदा म्हणाली बसनं जाऊ, मला यांच्याशेजारी बसायचं आहे. भोकरदनला पोचेपर्यंत मी तिला सांगत होतो की हे केवळ दीपमालाच्या समाधानासाठी आहे, आणि डॉक्टरांसमोर बोलायचं काम मी करीन. ती बरं म्हणाली.

दवाखान्यात ट्रेनिंगवाल्याच मॅडम निघाल्या. मला ओळखलं. म्हणाल्या, या गुरुजी, तुमच्या गावचा सर्व्हे सगळ्यात आधी आला होता. बेबीनंदाला बाहेर बसवलं आणि नऊ प्रश्न काढले. मी म्हटलं, मॅडम, फॉर्म मला पाठ आहे. त्या म्हणाल्या, मग उत्तरंही पाठ असतील, सांगा.

पहिल्या प्रश्नाला शून्य म्हणायला तोंड उघडलं. तीन म्हणालो. दुसऱ्याला तीन. आठव्यापर्यंत कसा गेलो कळलं नाही, मॅडम नुसत्या लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवून नववा विचारला, सरळ, माझ्या तोंडाकडे बघून. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर रांगेतले लोक बडबड करत होते आणि त्यांना कुणी घाई करत नव्हतं.

मी म्हणालो, हो. रोज नाही. पण बऱ्याच दिवशी.

सांगून झाल्यावर काही कोसळलं नाही. मॅडमनी पाणी दिलं. हा आजार आहे, शिस्त नाही आणि वयही नाही, असं म्हणाल्या. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोपर्यंत घरात कुणी ना कुणी सोबत राहील, दर आठवड्याला यायचं, आणि जास्त वाटलं तर दिवस-रात्र न बघता फोन करायचा. (मित्राच्या नावाने नाही.)

एकूण एकवीस. बेबीनंदाने लावलेले वीस. आठही प्रश्नांना तिचे गुण आणि माझे गुण तंतोतंत जुळले, न विचारता, चुलीपुढे बसून. फक्त नवव्यात फरक पडला. तिने एक दिला होता. माझे दोन झाले.

मॅडम म्हणाल्या, मी सांगू का तुम्ही सांगताय? मी म्हटलं, मी सांगतो. तिला आत बोलावलं. सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मॅडमच्या हातातली चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, गोळी जेवनाच्या आदी का मंग?

जेवणानंतर, मॅडम म्हणाल्या.

तिने माझा दंड धरला, घट्ट, दुखेल एवढा.

"मंग उठा," ती म्हणाली. "आदी जेवू."